मधातली जागा

आसेगावात कोनालेही इचारा, म्हनतीन ग्यानबा बुढा म्हातारपनी बिघडला. बिघडला नाई बापा, म्हातारपनी सुधरला. मी त्याची बायको हाओ, भागिरथा. सारा जलम त्याच्यासंगं काढला. मले नाई समजनार तर काय विहाराच्या कमिटीतल्या लोकायले समजन? थे अजूनही तोंडं फुगवून बसले हायेत. बसू द्या. तोंडं त्यायचे हायेत, फुगो का फुटो.

बुढा कोनी मोठा कलाकार हाये असं समजू नका. मारोतरावच्या वावरात सालदार म्हनून राबला. डवरलं, वखरलं, तुरीच्या गंज्या रचल्या, अन् गुडघे गेले तवापासून घरी बसते. पन त्याच्या हातात एक गोठ अशी होती जे आजूबाजूच्या गावात कोनाच्या हातात नोती. तो व्हायोलिन वाजवते. तरनापनी कारंज्याले कापसाच्या जिनात कामाले गेल्ता, तवा शेजारी एक बँडमास्तर राहे. त्याच्याजवळ हे व्हायोलिन पडून होतं. पितळेच्या बाजात याचं कोन आयकते म्हने, घेऊन जाय. बुढ्यानं घेतलं, त्याच्यापाशीच बसून शिकला, अन् गोधडीत गुंडाळून गावी घेऊन आला. मायनं इचारलं, हे काय आनलं, तर म्हने बाजा हाये. सासूबाईले वाटलं बाज आनली झोपाले, अन् पाह्यते तर हे येवढंसं.

व्हायोलिनच्या गजाचे केस तुटले का तो रतनसिंगकडं जाय. रतनसिंगजवळ वरातीचा घोडा हाये. घोडा नदीवर धुवाले नेला का बुढा त्याच्या मांगं मांगं, अन् शेपटीचे लांब केस घेऊन घरी येई. मंग वसरीत बसून थे केस इंचरे, गजाले बांधे, त्याच्यावर राळ घासे. माह्या डोक्याले कवा फनी लावून देली नाई त्यानं, पन घोड्याचे केस कसे निगुतीनं इंचरे. मी म्हनो, पुढच्या जन्मी घोडा होऊन येतो.

त्या दिवसायत संघपालची गायन पार्टी निघाली. संघपाल आमच्याच पुऱ्यातला, बुढ्यापेक्षा लहान. दीक्षेनंतर जन्मला म्हनून बापानं हौसेनं नाव ठेवलं संघपाल. आमचा त्याच्या आंधीचा, म्हनून त्याचं नाव जुन्या वळनाचंच राह्यलं. संघपालचा गळा म्हंजे गळा होता, खोटं नाई बोलनार. माईक बंद पडला तरी वेशीपर्यंत आयकू जाय. त्याच्या गान्यानं लोकायनं दारू सोडली, पोरी शाळेत घातल्या. माही पौर्णिमा आज नागपूरले नर्स हाये, थे त्याचीच गानी आयकून म्या हट्ट धरला म्हनून. त्याच्याबद्दल वाकडं बोलाचं असन तर माह्या घरी येऊ नका. पन खरं थे खरंच.

पार्टी स्टेजवर कशी बसे थे सांगतो. मधात माईक, माईकपाशी उभा संघपाल. उजव्या अंगाले भाऊसिंग, तांड्यावरचा, ढोलकी घेऊन. अन् डाव्या अंगाले, थ्या स्पीकरच्या मोठ्या खोक्यामांगं, आमचा बुढा. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून. अर्ध्या लोकायले तो दिसतच नसे. कार्यक्रम सुरू व्हाच्या आंधी संघपाल सांगे, ग्यानबाभाऊ, लोक बसेपर्यंत वाजव. मंग बुढा वाजवे. लोक चटया झटकत, पोरं मुतवून आनत, सुपारी कातरत, एकमेकाच्या सोयाबीनची चौकशी करत. बुढा वाजवून राह्यला, अन् लोक बोलून राह्यले. मंग संघपाल माईकपाशी आला रे आला का सारं चिडीचूप.

मी बायायमधी बसून हे पाह्यत राहो. धनज गावच्या कार्यक्रमात एकदा शेजारच्या बाईनं इचारलं, तुमचा मालक यातला कोनता वं? म्हनलं, तो खोक्यामांगचा. तिनं मान वाकडी करकरून पाह्यलं अन् म्हने, तिथं कोनी हाये का? माह्या अंगाचा असा तीळपापड झाला का मी उठून गाडीत जाऊन बसली. घरी आल्यावर बुढ्याले म्हनलं, तुमी खोक्याच्या सामने बसत जा. तर हसला. म्हने, साथीवाल्याची जागा मांगंच असते. चाळीसेक वर्स हेच चाललं. त्याले राग कसा येत नाई याचाच मले जास्ती राग ये.

मंग मांगल्या उन्हाळ्यात भाऊसिंग गेला.

त्याच्या तेरवीले आमी तांड्यावर गेलो. त्याच्या पोरानं लय शोधून एक जुनं रेकॉर्डिंग मोबाइलवर आनलं होतं, पार्टीच्या भर जवानीतलं. बापाची ढोलकी आयकवतो म्हने सारायले. लावलं. संघपालचा आवाज खनखनीत निघाला. लोक वा वा करू लागले. पोरगा मोबाइल कानाले लावे, अजून जोरात करे, अन् ढोलकी काही गवसेना. मधात कुठं तरी पान्यात दगड पडल्यासारखा आवाज ये, तेवढीच. व्हायोलिन तर नोतंच. पोराचं तोंड पाह्यवत नोतं. संघपालही खाली पाहू लागला.

आमी घरी आलो. दारात आल्यावर चपला काढता काढता म्हने, "भाऊसिंग मेला अन् त्याचा ठोका कोनाले आयकूच आला नाई." मंग म्हने, "मी असा मरनार नाई." येवढं बोलला अन् जाऊन झोपला. मी मात्र जागीच होती, कारन या मानसानं माह्यासंगं संसारात पयल्यांदा 'नाई' म्हनलं होतं.

दिवाळीच्या सुट्ट्यायत साक्षी आली. साक्षी म्हंजे पौर्णिमाची पोरगी, आमची नातीन. नागपूरले कालेजात शिकते, अन् एका बाईकडं पियानो वाजवाले जाते. पियानो म्हंजे मले वाटे हार्मोनियमचाच थोरला भाऊ, भाता कुठं हाये म्हनून म्या इचारलंही. तर साक्षीनं मोबाइलवर तिचं वाजवलेलं लावलं. कोन्या देशातल्या, कवाच्या मेलेल्या मानसानं बांधलेली चीज होती, त्याचं नाव माह्या तोंडात बसत नाई. ही चीज दोघायनं वाजवाची असते म्हने, एक पियानोवाला, एक व्हायोलिनवाला. बुढा कान देऊन आयकत होता. मंग त्यानं इचारलं, याच्यात गायक कोन? साक्षी म्हने, गायक नसते आबा. मंग साथ कोन कोनाले करते? साक्षी म्हने, कवा पियानो व्हायोलिनले करते, कवा व्हायोलिन पियानोले, अन् कवा कोनीच कोनाले नाई.

बुढ्यानं थे पुन्हा लावाले सांगतलं. अन् पुन्हा. रात्री जेवताना मले म्हने, "भागिरथा, याच्यात कोनी कोनाच्या मांगं नाई." असा म्हने, जसं काई कोनं त्याच्या नावानं सात-बारा करून देला.

सुट्ट्या सरल्या, साक्षी गेली, पन तिनं पियानोचा हिस्सा मोबाइलमधी भरून देला. बुढ्याले त्यायचं थे लेखन वाचता येत नाई. आयकाचं अन् हाताले लावाचं. मोबाइलचा आवाज बारीक, म्हनून तो मोबाइल स्टीलच्या गिलासात उभा ठेवे, का आवाज घुमते. सकाळी मी चाय कराले गिलास शोधो तर गिलास वसरीत, त्याच्यात पियानो. सारा हिवाळा आमी कपानं पानी पेलो. पन बोटं असे चालू लागले बुढ्याचे, का गुडघे गेलेल्या मानसाचे हे बोटं हायेत असं वाटत नोतं.

एका जागी मात्र तो अडके. थ्या चीजेत मधात एक ठिकान हाये, तिथं पियानो गप होते अन् व्हायोलिननं एकट्यानं जाचं असते. लय लांब नाई, पन एकट्यानं. तिथं आला का बुढ्याचा गज आपोआप हळू होये अन् थांबे. साक्षी पुन्हा आली तवा म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. मोबाइलमधला पियानो गप होये अन् हाही थांबे. ती म्हने, आबा वाजवा ना, इथं तुमीच हायेत. तर म्हने, हो वं, पन इथं गायक येनार असं वाटते, जागा सोडाव वाटते. चाळीस वर्सायची सवय हाताले लागली होती, लेकरू मांडीवरून उतरत नाई तशी. पोरगी हसे अन् मले रडू ये. मी म्हनो, गायक गेला खड्ड्यात, तुमी वाजवा.

अन् एक दिवस बुढा अंगात पांढरा सदरा घालून विहाराच्या कमिटीपुढं जाऊन उभा राह्यला. मीही गेली मांगं. म्हने, मले विहाराच्या हॉलात कार्यक्रम ठेवाचा हाये, मी अन् नातीन. कमिटीचा अध्यक्ष आता संघपालच. गळा बसला त्याचा, पन वजन हाये. त्यानं मायेनंच इचारलं, "ग्यानबाभाऊ, जयंती नाई, पौर्णिमा नाई, वर्षावास नाई. निमित्त काय?"

बुढा म्हने, "मी जित्ता हाओ, हेच निमित्त."

 एकजन म्हने, अहो तुमचा मोठा सत्कार करू ना कवा तरी. बुढ्यानं त्याच्याकडं पाह्यलंही नाई. संघपालले म्हने, "पुण्यानुमोदनाले तुमी लय चांगले बोलसान माह्याबद्दल. पन तवा मले वाजवता येनार नाई." आमच्यात मानूस गेल्यावर पुण्यानुमोदन ठेवतात, तिथं मेलेल्याचे गुन सांगतात. भाऊसिंगच्या तेरवीलेही सारे असेच लय गोड बोलले होते.

मंग निघाला मोठा मुद्दा. गानं कोनतं? गानं नाई. शब्दच नाई? शब्द नाई. मंग याच्यातून समाजाचं प्रबोधन काय होईन? आपल्या हॉलात बिनाप्रबोधनाचा कार्यक्रम कवा झाला नाई, असं म्हनून कमिटीनं माना हलवल्या. संघपालनं वाट काढली, म्हने मी सुरवातीले एक गानं गातो, लोक जमतीन, मंग तुमचं होऊ द्या. बुढा म्हने, तू गाशीन तर तुहा कार्यक्रम होईन. माहा नाई होनार.

मले राहवलं नाई. म्हनलं, "संघपालभाऊजी, लोकायनं जराक वेळ गप बसून दुसऱ्याचं आयकलं तर येवढं मोठं प्रबोधन या गावात कवाच झालं नसन." अन् हेही म्हनलं, का विहार दर रविवारी झाडते कोन? आमी बाया. चटया धुते कोन, सतरंज्या आथरते अन् गुंडाळते कोन? आमी बाया. तर हॉलाची चावी आमच्याच घरात राह्यते, अन् रविवारी हॉल उघडन. कोनाले यायचं नसन त्यानं येऊ नये. इतलं बोलून बुढ्याचा हात धरला अन् घरी आली. मांगून कोनी तरी म्हने, बुढीच बुढ्याले नाचवून राह्यली. म्हना ना. आमच्या घरी कोन कोनाले नाचवते थे आमचं आमी पाहू.

रविवारी दुपार कलल्यावरचा वखत ठरला. पौर्णिमा अन् साक्षी छोट्या हत्तीत पियानो घालून घेऊन आल्या, करंटवरचा होता, पन येवढा जड का चौघायनं उतरवला. सतरंज्या म्या सोता आथरल्या. मंग मी पुरनाच्या गडबडीत घरी गेली, पावन्यायले उपाशी कसं धाडाचं? अन् तिथंच घोळ झाला. साउंडवाला पोट्टा आला, त्यानं आपल्या सवयीनं मधात माईक उभा केला, डाव्या अंगाले थेच मोठं खोकं ठेवलं. पियानो उजवीकडं, जिथं भाऊसिंग बसे. अन् आमचा बुढा? आमचा बुढा आला, बुद्धाले अन् बाबासाहेबांच्या फोटोले वाकला, अन् सरळ जाऊन डाव्या अंगाले, खोक्यामांगं, मांडी घालून बसला. कोनी सांगतलं नाई त्याले. सोताच बसला.

मी हॉलात पाय ठेवला अन् पाह्यलं, तर मधात नुसता माईक. कपाळावर हात मारला. बायायमधून हातवारे केले, सरका, सरका म्हनून, पन खोक्यामांगून त्याले मी कुठं दिसतो? लोक बऱ्यापैकी जमले होते. कोनी खोड्या काढाले, कोनी खरंच आयकाले, अन् मारोतरावची बायको सोजरबाईही येऊन माह्यापाशी बसली. संघपाल सामनेच खुर्चीवर. त्रिशरण-पंचशील झालं. अन् साक्षीनं सुरू केलं.

काय सांगू तुमाले. गोड तर इतलं होतं. पन लोकायनं काय समजावं? मधात माईक मोकळा, अन् बाजूले कोनी वाजवून राह्यलं, म्हंजे गायक यायचा हाये. लोक बसेपर्यंतचंच वाजवनं हे! मंग काय, झाल्या सुरू गोठी. तुरीले भाव कसा हाये, कोनाच्या पोरीचं कुठं जुळलं, कोनाची म्हैस आटली. सोजरबाई कानाले लागून म्हने, "भागिरथाबाई, गायक कवा येते वं?" मी म्हनलं गप बसा. तर म्हने, अवं इचारलं फक्त. साऱ्यायचे डोळे थ्या मोकळ्या माईकवर. बुढा वाजवून राह्यला, अन् लोक बोलून राह्यले. जलमभर जे झालं थेच, अन् तेही त्याच्या सोताच्या कार्यक्रमात. साक्षीचे कान लाल झाले. मले वाटलं उठाव अन् एकेकाच्या पाठीत लाथ घालाव.

अन् थे ठिकान आलं. पियानो गप झाला. व्हायोलिन एकटं.

एकटं होते न होते, तर संघपाल खुर्चीवरून उठला. वाईट मनानं उठला असं नाई म्हनत मी. त्यानं पाह्यलं, लोक चुळबूळ करून राह्यले, ग्यानबाभाऊची फजिती होऊन राह्यली, अन् ही जागा तर गायकाची. चाळीस वर्स याच जागी तो आला होता. माईकपाशी गेला, डोळे मिटले अन् आलाप घेतला. हॉल एका दमात चिडीचूप झाला. पाहा, याले म्हनतात लोक. आता बोलत होते अन् आता गप. थ्या गप होन्यानंच माह्या काळजात कळ आली.

बुढ्याचा गज थांबला. मले वाटलं, झालं, आता हा त्याच्या मांगं साथ धरन अन् कार्यक्रम संपन. पन गज पुन्हा तारेवर टेकलाच नाई. खोक्यामांगून आवाज आला, "संघपाल, थांब."

संघपालले थांब म्हनलेलं या गावानं कवा आयकलं नोतं. तो डोळे उघडून पाहू लागला. हळूच म्हने, "ग्यानबाभाऊ, लोक कंटाळून राह्यले. मी सांभाळून घेतो."

बुढा हातानं भिंत धरून उठला. गुडघे वाजले. खोक्यामांगून बाहीर आला तवा अर्ध्या लोकायनं त्याले पयल्यांदा पुरा पाह्यला असन. म्हने, "लय वर्स सांभाळलं तू. आज पडलो तर पडू दे मले."

अन् त्यानं थो माईक उचलला, खाली लोखंडी चकतीसकट, अन् संघपालच्या हातात देला. मंग वाकला, आपली सतरंजीची पट्टी ओढत ओढत मधात आनली, अन् तिच्यावर मांडी घालून बसला. व्हायोलिन पायावर टेकवलं. लोकायकडं पाह्यलं. त्याचा आवाज बारीक हाये, पन आयकू गेला. "गायक येनार नाई," म्हने. "मीच हाओ. ज्याले जायचं त्यानं आताच जा, मधातून उठू नका. पुन्हा पयलेपासून वाजवतो."

काही लोक उठले. कमिटीतला एकजन तर मुद्दाम चपला वाजवत गेला. जाऊ देले. बुढा दार बंद होतपर्यंत थांबला. सोजरबाईही उठाले लागली, म्या तिचा पदर धरून खाली बसवली. राह्यलेले लोक हात मांडीवर ठेवून बसले, शाळेत बसल्यासारखे. बुढ्यानं साक्षीकडं मान हलवली.

आता आंधीचंच वाजत होतं, पन आंधीचं वाटत नोतं. मले त्यातलं काई समजत नाई, मी अडानी बाई. पियानो बोले अन् बुढा त्याले उत्तर देये. मंग बुढा इचारे अन् पोरगी उत्तर देये. आजा-नातीन वसरीत बसून भांडतात ना, तसंच. कोनी कोनाचं आयकून घ्याले तयार नाई अन् दोघंही एकमेकाले सोडत नाई. पुरुषायच्या अंगाले एक मानूस खोकला तर शेजारच्यानं त्याच्या मांडीवर चापट मारली. तवा मले बरं वाटलं.

अन् पुन्हा थे ठिकान आलं. पोरीनं हात उचलून मांडीवर ठेवले. पियानो गप. माहा सारा जीव कानात आला. हॉलातल्या साऱ्यायचा आला असन, कारन आता साऱ्यायले ठाऊक झालं होतं का हा इथंच थांबला होता. बुढ्याचा गज हळू झाला. बापा, हळू झाला. मी मनात म्हनलं, थांबू नका, ग्यानबा, आता थांबलात तर घरी येऊ नका. नवऱ्याचं नाव मी कवा घेत नाई, तवा घेतलं.

थांबला नाई तो. गज तसाच हळू हळू शेवटच्या टोकापर्यंत गेला अन् तिथून परत वळला. मंग तो जो निघाला थे त्यानं कोनाकडंही पाह्यलं नाई. संघपालकडं नाई, माह्याकडं नाई, पोरीकडंही नाई. सारा हॉल भरून एकटा वाजवला. ना माईक, ना खोकं, ना कोनाचा शब्द. डोळ्यातून पानी ये माह्या अन् मले त्याचाही राग ये, कारन पुसाले हात उचलला तर बांगड्या वाजतीन. तसंच वाहू देलं.

संपलं तरी कोनी टाळी वाजवली नाई. हे संपलं का अजून हाये थे कोनालेच समजेना. सोजरबाईनं भीत भीत इचारलं, "झालं का?" बुढा गजाले राळ घासत म्हने, "नाई. अजून एक हाये." अन् लोक बसले. मानूस हलला नाई. थेही आयकलं त्यायनं, अन् मंग टाळ्या पडल्या. कशा पडल्या थे मी सांगनार नाई, मी बायको हाओ, तुमाले वाटन फुगवून सांगते.

लोक गेल्यावर आमी बाया सतरंज्या गुंडाळाले लागलो, तवा पाह्यलं, संघपाल कुठं हाये? तो खोक्यामांगं होता. माईक हातात घेऊन उभा राह्यला असन थोडा वेळ, खुर्चीकडं जाले लाज वाटली असन, अन् तिथंच डाव्या अंगाले उघड्या फरशीवर बसून गेला. थे बुढ्याची जागा. माईक अजून मांडीवर आडवा. तोंड उतरलेलं. बुढा त्याच्यापाशी गेला. संघपाल म्हने, "भाऊ, इथून तर लोक दिसतच नाई."

बुढा म्हने, "नाई दिसत."

येवढंच. कोनी कोनाच्या गळ्यात पडलं नाई, माफी-बिफी काई नाई. संघपाल लय वेळ माईकची वायर गुंडाळत राह्यला. मंग म्हने, जयंतीले डॉक्टरनं मले एक गानं गाऊ देलं हाये. भाऊ, तू माह्या मांगं वाजवशीन का आता?

बुढ्यानं व्हायोलिन गोधडीत गुंडाळलं. गाठ मारली. "वाजवीन," म्हने. "मांगं नाई वाजवनार."

कमिटीनं त्याच्यावर दोन बैठका घेतल्या. साथीवाला गायकाच्या बरोबरीनं बसला तर स्टेजची शिस्त काय राह्यली, असं म्हनत होते. घ्या म्हनलं बैठका. जयंतीच्या दिवशी पहाटेच हॉल उघडला, झाडला, पुसला. सतरंज्या आथराचं काम आमच्या बायायचंच असते. म्या माईकच्या बाजूले, मधात, बुढ्याची पट्टी आथरली, अन् थे खोकं ढकलत ढकलत दाराबाहीर नेऊन ठेवलं.